गेनबाचं बिनजंतूचं दूध

एका गावात एक भोळा दूधवाला होता, गेनबा. त्याची एकच गाय, ढवळी. तिचं दूध आळीत विकून घर चाले. पण हल्ली ते दूध प्यालं की सगळी आळी पळत सुटे, हातात टमरेल घेऊन.

शेजारच्या द्रौपदाकाकू सगळ्यांत आधी पळाल्या. काकू शिकल्या चौथीपर्यंत. चौकश्यांत मात्र पदवीधर. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "दुधात जंतू आहेत." काकू औषध घ्यायचं विसरून थेट गेनबाकडे.

"मेल्या, गिऱ्हाईक तुटलं तर ढवळी विकावी लागेल! चरवी कढत पाण्यानं धू, चांगली उन्हात ठेव."

"बरं, काकू."

गेनबानं चरवी धुतली. धार काढली. मग भरलेली चरवी दुपारपर्यंत उन्हात ठेवली. दूध नासलं.

"अरे, ऊन रिकाम्या चरवीला! दूध गार पाण्यात ठेवायचं."

"असं होय! आता नाही चुकायचो."

दुसऱ्या दिवशी काकू नदीवर गेल्या, तर ढवळी पोटापर्यंत पाण्यात उभी.

"हे काय रे?"

"दूध गार ठेवलंय, काकू."

कासेला हा चिखल! काकूंनी कपाळावर हात मारला. आळी म्हणाली, "उद्या शेवटचं. परवापासून दूध दुसरीकडचं." काकू म्हणाल्या, "थांबा, मी जातीनं समजावते."

"गेनबा, नीट ऐक. हात लागतो, भांडं लागतं, माशी बसते, तिथनंच जंतू शिरतात. कास धू, पूस. अन् उकळल्याशिवाय थेंब विकायचा नाही. काय कळलं?"

"उकळल्याशिवाय थेंब नाही."

काकू घरी जाऊन गाढ झोपल्या. सल्ला दिला की त्यांना झोप छान लागे.

सकाळी आळी पातेली घेऊन हजर. काकू सगळ्यांच्या पुढे. कास लख्ख धुतलेली, चरवी चकचकीत. काकूंची छाती फुगली. तेवढ्यात धूर आला. गेनबा ढवळीच्या पोटाखाली शेगडी सरकवून फुंकत होता.

"अरे मुडद्या, हे काय?"

"काढलं की हात लागणार, भांडं लागणार. म्हणून आतच उकळून घेतो, काकू!"

ढवळीनं शेगडी लाथाडली, दावं तोडलं आणि काकूंच्या अंगणातल्या पापडांवरून उधळली.

"सल्ला कुणाचा हो?" कुणीतरी विचारलं. काकूंनी पातेलं तोंडापुढे धरलं.

आणि गायीमागं धावता धावता गेनबा ओरडला, "काकू, अडवा तिला! दूध उतू चाललंय!"