मेढीखालची तार

“मग काय नाना, मीटर खोटं बोलतंय?”

उमाकांत खड्ड्यातून बोलला. मांडीपर्यंत खड्डा, कपाळाला माती. डिप्लोमा करून टेलिफोनच्या कचेरीत लागून त्याला दोन महिने झाले होते. मीटर पोटच्या पोरासारखं कापडात गुंडाळून आणायचा.

दगडूनाना त्याच्याकडे बघत नव्हते. पस्तीस वर्षं लाईनमन, या महिन्यात रिटायर होणार. ते अंगणातच पलीकडं, मेढीच्या शेजारी बसून तंबाखू मळत होते.

“मीटर खरं बोलतंय,” ते म्हणाले.

“अठ्ठावीस मीटर दाखवतंय. कोपऱ्यावरच्या पेटीपासून अठ्ठावीस मीटरवर तार तुटलीय. टेप लावून मोजलं, खणलं. इथं तार धडधाकट आहे.”

“हं.”

“मग?”

नानांनी डबीतून चुना काढला.

घर सरूबाई काटकरांचं. माझी शेजारीण. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी एकटीनं चालवली, कुणापुढं वाकली नाही. पोरीपुढंही नाही.

फोन दहा दिवस मुका होता. आधी आठवडाभर खरखर, मग एकदम बंद. तिनं तक्रारसुद्धा केली नव्हती. फोन करणारं होतंच कोण?

काल पोस्टकार्ड आलं. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं.

‘आई, रोज दुपारी चारला फोन करते. बेल वाजते. तू उचलत नाहीस. शनिवारी शेवटचा करीन. मग त्रास देणार नाही. वैजू.’

पत्ता नाही. शिक्का नाशिकचा. वाचल्या वाचल्या सरूबाईनं कचेरीत जाऊन तक्रार दिली.

आज शनिवार. पावणेतीन वाजून गेले होते.

सरूबाईनं सकाळीच नानांना विचारलं होतं, फोन बंद तर तिकडं बेल कशी वाजते. नानांनी सांगितलं, जमिनीत तार तुटली तरी करणाऱ्याला बेल ऐकू येते. इथं काहीच वाजत नाही, आणि तिकडं वाटतं की माणूस ऐकून उचलत नाही.

तेव्हापासून ती घरात आणि अंगणात येरझारा घालत होती. रिसीव्हर उचलायची, हलवायची, ठेवायची. परत बाहेर.

मेढीचं सांगायला पाहिजे.

वैशाखात वैजूचं लग्न ठरलं. पोरगी नको म्हणत होती. रडून सांगितलं, उपाशी राहून सांगितलं. सरूबाईनं ऐकलं नाही, मुहूर्तमेढ रोवून घेतली. पाच सवाष्णींतली एक मी. खोटं कशाला बोलू, हळदकुंकू लावून खड्ड्यात सुपारी आणि रुपया मीच टाकला. पोरगी खिडकीत उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

चौथ्या दिवशी वैजू एक पिशवी घेऊन गेली.

मांडववाला बांबू सोडून घेऊन गेला. मेढ राहिली. आंब्याची पानं वाळून गळाली, पिवळं फडकं पांढरं पडलं, तरी सरूबाई कुणाला हात लावू देईना. मेढ उभी आहे तोवर लग्न मोडलेलं नाही, असं तिचं म्हणणं. रोज सकाळी अंघोळ झाली की तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी. दीड महिना. मी एकदा बोलायला गेले, तर म्हणाली, तुझ्या घरात लक्ष घाल.

उमाकांतनं दोन हात पुढं दुसरा खड्डा घेतला. तिथंही तार चांगली.

सरूबाई नानांवर आली. पस्तीस वर्षं पगार बसूनच खाल्ला का, म्हणाली. पोरगं मरमर खणतंय, तुम्ही तंबाखू मळा.

“पाणी द्या जरा,” नाना म्हणाले.

तिनं तांब्या आणून आदळला.

नाना अर्धा प्याले. उरलेलं त्यांनी मेढीच्या बुडाशी ओतलं.

पाणी थांबलंच नाही. गट्ट करून खाली गेलं.

“रोज किती घालता?”

“तांब्याभर.”

“फार पितंय हे लाकूड.”

सरूबाई वाकून मेढीच्या बुडाशी बघायला लागली.

मग नानांनी उमाकांतला वर बोलावलं. “तार सरळ गेलीय, हे तुला कुणी सांगितलं?”

“नकाशात सरळ आहे.”

“इथं जांभूळ होतं. मुळं तुटू नयेत म्हणून मी तारेला वळसा दिला. जांभूळ गेलं. वळसा कोण काढणार?”

नाना उठून चालू लागले. पेटीपासून भिंतीकडं, भिंतीच्या कडेनं अंगणात, नसलेल्या झाडाभोवती अर्धा फेरा. उमाकांत मागून टेप टाकत आला.

अठ्ठावीस मीटर मेढीपाशी भरले.

उमाकांतच्या एकदम डोक्यात आलं. रोवताना पहार तारेला लागली असणार, आणि रोजच्या पाण्यानं बाकीचं काम केलं असणार. त्यानं दोन्ही हातांनी मेढ धरली.

“हात काढ.” सरूबाईनं त्याचं मनगट पकडलं होतं.

“मावशी, सव्वातीन झालेत. जोडायलाच अर्धा तास लागतो.”

“हात काढ म्हणते ना.”

“बस खाली,” नाना म्हणाले.

“नाना, वेळ…”

“बस.”

तो बसला. नानाही बसले, आणि राहिलेली तंबाखू परत मळायला लागले.

सरूबाईनं विचारलं, वरून तार टाकता येत नाही का, छपरावरून, कुठूनही. उमाकांत म्हणाला, तेवढं मोठं रीळ कचेरीत आहे आणि शनिवारी कचेरीला एक वाजता कुलूप लागतं. तिनं विचारलं, बाजूनं खणून? तो म्हणाला, मेढ बरोबर तारेवरच बसलीय.

आतल्या घड्याळाची टिकटिक माझ्या कुंपणापर्यंत ऐकू येत होती.

“काढली तर?” सरूबाईनं नानांना विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

“फोन लागेल.”

“ती करेल?”

“ते मला ठाऊक नाही.”

“आणि नाही काढली तर?”

“मेढ उभी राहील.”

तिनं पदर खोचला.

मेढ हलेना. तिनं खांदा लावला, गुडघे टेकले, मिठी मारावी तशी धरली. मी कुंपण ओलांडायला निघाले, तर नानांनी नुसता हात वर केला. मी थांबले.

तिसऱ्या हिसक्याला मेढ आली. सरूबाई मेढीसकट मागं पडली.

खाली चिखल. त्यात काळा पडलेला रुपया आणि कुजलेली सुपारी. त्याखाली तार. पहारीचा घाव साफ दिसत होता. तारेतल्या तांब्याची नुसती हिरवी भुकटी झालेली.

उमाकांत पालथा पडून कामाला लागला. आता त्याच्या तोंडून मीटरचा म पण निघत नव्हता. त्याला घाम येत होता आणि नाना तो आपल्या टॉवेलनं पुसत होते, तार भिजू नये म्हणून.

चारला आठ मिनिटं कमी असताना फोन वाजला.

सरूबाई पळाली. उंबऱ्याला ठेचकाळली. उचलला.

एक्सचेंजमधला माणूस होता. लाईन तपासत होता.

तिनं रिसीव्हर ठेवला आणि फोनसमोर जमिनीवरच बसली. हात मनगटापर्यंत चिखलानं भरलेले. ते धुवायलाही उठली नाही.

चार वाजले.

चार वाजून दोन मिनिटं…

चार वाजून पाच. उमाकांतनं नानांकडं बघितलं. नाना जमिनीकडं बघत होते.

फोन वाजला.

दुसरी बेल पुरी झाली नाही. तिनं उचलला. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, परत तोच माणूस.

मग ऐकू आलं,

“जेवलीस का गं?”

नंतर कितीतरी वेळ ती नुसती ऐकत होती. सरूबाईला इतका वेळ कुणाचं ऐकून घेताना मी आयुष्यात बघितलेली नाही. शेवटी एकदाच म्हणाली, “काढली. मीच काढली.”

बाहेर उमाकांतनं खड्डे बुजवले, फावडं सायकलला बांधलं. मीटर कापडात गुंडाळलं आणि तसंच हातात धरून उभा राहिला.

“नाना, वळसा तुम्हीच दिलेला. म्हणजे सकाळी आल्या आल्याच तुम्हाला ठाऊक होतं.”

“हं.”

“मग मला दोन-दोन खड्डे खणायला का लावले? तिकडं बाईचा जीव जायची वेळ आली. आधीच का नाही सांगितलं?”

नानांनी हात झटकले, सायकलचं स्टँड काढलं.

“सांगितलं असतं, तर मेढ तू उपटली असतीस.”