टंचाईनं अडवलेली गाडी

परत तीच गोष्ट सांगू? बरं, एकदाच सांगतो, मग डोकं खाऊ नका. बंदराच्या गेटबाहेर माझा ट्रेलर तीन दिवस रांगेत उभा होता. बंदराचे अधिकारी कर्णिक साहेबांनी आम्हा ड्रायव्हरांना सभेला बोलावलं, स्वतः दोन तास उशिरा आले आणि वर माझ्याकडे बोट करून गरजले, "आत कंटेनर साचलेत, कारण ट्रेलरची टंचाई! हा घरत तर एक नंबरचा कामचुकार. याचा गेटपास रद्द करा!"

पास गेला म्हणजे धंदा गेला. मी हात जोडले. "साहेब, तुम्हाला उशीर कशानं झाला?"

"अरे, रस्ताभर ट्रेलरच ट्रेलर! गाडी हलेना."

"म्हणजे तुमची गाडी टंचाईनंच अडवली म्हणायची!"

सगळे खो खो हसले. पास वाचला. पण मला कामचुकार म्हटल्याची माफी अजून मागितलेली नाही, त्या कर्णिकानं.