काढ्यातला दरबार

प्यायलात का काढा? मुक्ते, वाटी दाखव बघू. ठेवलायस की तळाशी. संपव, मग गोष्ट. तोंड वाकडं केलं म्हणून काढा काही गोड होत नाही.

हं. तर लांब तिकडे, चीन देशात, एक होता राजा. त्याच्याकडे घोडे होते, मोठं तळं होतं, तळ्यात बदकं होती. आणि त्याच्या राजवाड्यात एका शब्दाला बंदी होती. कुठला शब्द, सांगू? पेज. आपली साधी तांदळाची पेज, बरं का. कोणी करायची नाही, कोणी प्यायची नाही, नावसुद्धा काढायचं नाही. का? ते विचारायची कोणाची छाती नव्हती. निनाद, तुला आत्ताच सांगितलं तर मी पुढे काय सांगू?

या राजाला एकच मुलगी. तिचं नाव लान-हुआ. आपण लानू म्हणू, माझी जीभ नाही वळत. लानूला पतंगाचं वेड. एकदा काय झालं, ती गच्चीत पतंग उडवून घामाघूम झाली होती आणि दमून तिने दिली एक मोठी जांभई. आला वारा, आणि तिच्या उघड्या तोंडातून सरळ आत शिरला. शिरला तो शिरला, तिथेच बिऱ्हाड करून राहिला.

मग लानूला हुडहुडी भरली. अंगाला चिकट घाम, आणि तरी थंडी वाजतेय. बोलायला गेली की शीळ वाजायची. कोणाला हाक मारली की समोरचा दिवा विझायचा. हसू नका, पुढचं ऐका. पोटात वारा, मग अन्न जाणार कुठे? ती हलकी होत चालली. एका सकाळी दासी बघते, तर लानू गादीपासून वीतभर वर. मग तिच्या कमरेला रेशमी फीत बांधली आणि फितीचं दुसरं टोक पलंगाच्या खुराला बांधलं. राजा ती फीत धरून बसून राहायचा. फितीवरचा ताण वाढत होता. त्याला एकच भीती, ही फीत तुटली की माझी पोर खिडकीतून पतंगासारखी निघून जाणार.

मग वेनबुवांना बोलावलं. वेनबुवा म्हणजे त्या राज्यातले जुने वैद्य. त्यांनी आणलं एक काळं मातीचं भांडं. त्या भांड्याची गंमत अशी, की औषध उकळायला लागलं की आतली पाळंमुळं बोलायची. झाकणाजवळ कान नेला की ऐकू यायचं.

वेनबुवा म्हणाले, "महाराज, काढा म्हणजे दरबार असतो. त्यात राजा लागतो, प्रधान लागतो, मदतनीस लागतात, दूत लागतो. या दुखण्यात दालचिनीची कोवळी काडी राजा."

"आणि दुसऱ्या दुखण्यात?"

"दुसऱ्या दुखण्यात दुसरं कोणी. आजचा राजा तिथे मदतनीससुद्धा असेल."

हे राजाला झोंबलं. तो म्हणाला, "राजा तो राजा. तो एकटा पुरे. नुसती काडी उकळा."

नुसती काडी उकळली. राजाने कान लावला. आत काडी ओरडत होती, "दारं उघडा, वारा हाकला, दारं उघडा." पण ऐकणारं कोणी नव्हतंच. तो काढा लानूला दिला. दारं उघडली ती सताड. घामाच्या धारा लागल्या, अंगातली होती ती ताकदही गेली, आणि वारा मात्र आत मजेत गिरक्या घेत राहिला. लानू आणखी वर गेली. फितीचे धागे उसवायला लागले.

मग राजा म्हणाला, "एक राजा कमी पडला. सगळे राजे आणा." आणले. मोती आणले, हरणाचं शिंग आणलं, केशर आणलं, डोंगरातली कसलीशी महागडी मुळी आणली. वेनबुवा म्हणाले, "महाराज, आपापल्या दुखण्यात हे थोरच आहेत. पण इथे नकोत." ऐकतोय कोण? सगळं भांड्यात घातलं. राजाने कान लावला, तर आत ही भांडणं. मोती म्हणे मी आधी, शिंग म्हणे मी आधी. शेवटी झाकण उडालं आणि काढा उतू जाऊन चूल विझली. एव्हाना लानू छताला टेकायला आली होती, आणि फीत दोन-चार धाग्यांवर उरली होती.

राजाने हात जोडले. म्हणाला, "वेनबुवा, तुमच्या मनासारखं करा."

मग वेनबुवांनी आधी काडी घातली, राजा म्हणून. मग घातली तिकडच्या एका मोठ्या पांढऱ्या फुलाची मुळी, ती प्रधान. मग आलं आणि सुकी लाल बोरं, ते मदतनीस. शेवटी ज्येष्ठमध, तो दूत. भांडं उकळायला लागलं. राजाने कान लावला आणि ऐकतच राहिला. काडी म्हणत होती, दारं उघडा. मुळी म्हणत होती, उघडा, पण बेताने, घरातलं सगळं बाहेर जायला नको. आलं काडीच्या हाताखाली राबत होतं. बोरं मुळीच्या हाताखाली. आणि ज्येष्ठमध इकडून तिकडे फिरत होता, याचं त्याला सांगत होता, कोणाचा पारा चढला की गोडीगुलाबीने उतरवत होता. राजाला वाटलं, माझ्या दरबारात असं कधी ऐकू आलं नाही.

आणि मग सगळे एकदम गप्प झाले. दूताने हळूच विचारलं, "दरबार भरला. पण रयत कुठाय?"

राजाने वेनबुवांकडे बघितलं. वेनबुवा जमिनीकडे बघायला लागले.

"बुवा, रयत म्हणजे कोण?"

वेनबुवांनी आधी कोण कोण ऐकतंय ते बघितलं. शेवटी म्हणाले, "महाराज, या काढ्यावर गरम गरम... ती प्यायची असते. तिच्याशिवाय अंगात ऊब धरत नाही. रयत नसेल तर राजा लढणार कोणाच्या जिवावर? मी आधीच सांगायला हवं होतं. पण मी भ्यालो. तो शब्द काढायची बंदी आहे."

सगळा दरबार तिथे उभा होता. मुदपाकखान्यातला मुख्य आचारी म्हणाला, "महाराज, आम्हाला ती येत नाही. येणारे सगळे तुम्हीच घालवून दिलेत."

तेवढ्यात फितीचा एक धागा तुटला. टण्.

राजाने मुकुट काढून खाली ठेवला, बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "मला येते."

आता सांगते बंदी का होती. हा राजा काही राजाच्या पोटी जन्मलेला नव्हता. म्हशी राखणाऱ्या एका विधवेचा तो मुलगा. पेजेवर वाढला, मोठा झाला, पराक्रम केला आणि राजा झाला. पहिल्याच मेजवानीत त्याने सवयीने पेज मागितली आणि सगळे सरदार खो खो हसले. ते हसू त्याच्या काळजात रुतलं. दुसऱ्या दिवसापासून पेज बंद.

तर राजा उठला. वाड्यातला तांदूळ होता लांबसडक आणि सुवासिक. त्याने तो नको म्हटलं. तो गेला थेट बदकांच्या खुराड्यात. तिथे बदकांसाठी कण्या ठेवलेल्या असायच्या. त्याने ओंजळभर कण्या आणल्या, धुतल्या, भरपूर पाण्यात घातल्या आणि चुलीपुढे बसून फुंकर घालायला लागला. डोळ्यांत धूर गेला. आई करायची तसं पळीने ढवळत राहिला. वर साय धरली, तेव्हा चिमूटभर मीठ घातलं.

लानूला धरून खाली ओढलं. आधी काढा दिला, मग वाटीभर पेज, आणि वर जाड रजई. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर घाम आला, नाजूक, पहाटेच्या दवासारखा. मग आतला वारा कुरकुरला, पायाच्या अंगठ्यातून बाहेर आला आणि पडदे हलवून खिडकीतून निघून गेला. फीत सैल पडली. लानू गादीवर टेकली, आणि गादीला छान खड्डा पडला.

ती म्हणाली, "बाबा, हे काय होतं? कोणी केलं?"

समोर सगळे सरदार उभे होते. राजाने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पेज आहे, बाळ. मी केली. माझ्या आईची आहे."

"आणखी आहे?"

राजाला रडू आलं. त्याने तिची वाटी भरली. मग सगळ्यात म्हातारा सरदार पुढे आला आणि हळूच म्हणाला, "महाराज, उरली असेल तर मलाही द्या. माझीही आई करायची." तो त्या मेजवानीत सगळ्यांत मोठ्याने हसला होता, बरं का. राजाने त्यालाही वाढली.

मग राजाने बंदी उठवली, लानू पुन्हा पतंग उडवायला लागली, फक्त जांभई देताना तोंडावर हात ठेवायला शिकली. आणि सगळी सुखाने राहिली, बदकंसुद्धा.

झालं. तुमच्या पोटात राजा गेलाय, प्रधान गेलाय, दूत गेलाय. आता ही रयत आणलीय, वाट्या पुढे करा. गरम आहे, फुंकून प्या. प्यायलात? मग पांघरूण गळ्यापर्यंत घ्या. निनाद, जांभई आली की तोंडावर हात. झोपा आता.