उकळीची चाहूल

"मग यातली कुठली घेऊ, आबा?"

हेरंबनं दुकानातून पारखायला आणलेल्या दोन गॅसच्या भट्ट्या अंगणात मांडल्या होत्या. एक बसकी, तीन पायांची. दुसरी थोराड, लोखंडी. दुकानदार तिला तोफ म्हणायचा.

पास्कल आबा चिंचेतले चिंचोके काढत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी बिअरच्या कारखान्यात उकळीवर काढलेली. आता डोळे गेले होते. तरी वसईत घरी बिअर करणारा कुणीही अडला की त्यांच्याच दारात यायचा.

हेरंब तीन वर्षं दर रविवारी येत होता. इंजिनिअर माणूस, स्वतःचा छोटा बिअरचा कारखाना काढायचा म्हणून नोकरी सोडून बसलेला. आबांचा होकार मिळाल्याशिवाय सुरुवात करायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. आणि आबा तर त्याला एकट्याने उकळी काढू देत नव्हते. "अजून नाही," एवढंच म्हणायचे.

आज होकार घेऊनच जायचं, असं ठरवून स्वारी आली होती.

"तोफच बरी," तो आपणच म्हणाला. "चाळीस लिटर वीस मिनिटांत उकळतं. सगळं गणित काढलंय मी."

"लाव," आबा म्हणाले.

तोफ पेटली. असा काही घरघराट उठला की माडावरचे कावळे उडाले. पातेल्यात जवाचा गोड रस तापू लागला आणि इकडे हेरंबचं तोंड सुरू झालं. आच किती, दाब किती, वेळ किती वाचतो... सगळं ओरडून ओरडून.

आबा काहीतरी म्हणाले.

"काय?"

आबांनी नुसता हात हलवला.

तेवढ्यात फेस भसकन वर आला आणि कडेवरून खाली धावला. ज्योत विझली. अंगणभर चिकट पाक. हेरंबनं पळत जाऊन सिलिंडर बंद केला, तोंडचं पाणी पळालं होतं बिचाऱ्याच्या. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथे भट्टीचाही होता आणि भट्टीवाल्याचाही.

"या आवाजात लक्षच लागेना, आबा."

"बसकी लाव."

हेरंबनं पातेलं घासलं, नवा रस ओतला, बसकी पेटवली. ही अगदी गरीब. आबांनी पातेल्याकडे पाठ केली आणि पुन्हा चिंच हातात घेतली. हेरंब पापणी न लववता रसाकडे बघत राहिला. पातेलं हळूहळू गुणगुणायला लागलं...

आबांनी एक बोट वर केलं.

हेरंब वाकला. "अजून काही नाही, आबा. फेसाचा पत्ता नाही."

बोट खाली आलं नाही.

म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून हेरंबनं आच कमी केली. आणि फेस उठला. चढत चढत थेट काठापर्यंत आला, तिथे क्षणभर थरथरत उभा राहिला... आणि आपला आपणच खाली बसला. खाली रस नितळ झाला होता.

हेरंब आबांकडे वळला.

"कसं कळलं तुम्हाला?"

"फेस येण्याआधी पातेलं गप्प होतं."

"असं होय!" हेरंबची कळी खुलली. "म्हणजे बसकीच घ्यायची. तोफेवर तुम्हालासुद्धा काही ऐकू आलं नसतं."

आबांनी हातातला चिंचोका बाजूला टाकला.

"तोफ लाव."

उरलेला रस तोफेवर चढला. पुन्हा तो घरघराट. हेरंबला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना. आबांची पाठ तशीच पातेल्याकडे. बोटं चिंचेत. एक चिंचोका निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्यावर हात थांबला...

बोट वर झालं.

हेरंबनं धावत जाऊन आच उतरवली. फेस उठला, काठाला आला, थरथरला... आणि बसला.

त्यानं गॅस बंद केला. अंगण एकदम शांत झालं. त्या चिकट जमिनीवर तो तसाच बसला. त्याला भीती वाटली, आणि त्या भीतीत कसला तरी मोठा आनंदही होता. तीन वर्षं आपण या माणसाशेजारी बसलो आणि सगळा वेळ आपणच बोलत होतो, हे त्याला आता कळत होतं.



"विचार की," आबा म्हणाले. "कुठली घेऊ म्हणत होतास."

हेरंबनं नुसती नाही म्हणून मान हलवली. आबांना ती दिसणार नाही, हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नाही.

आबा थांबले. आणखी थोडं थांबले...

मग त्यांनी हात झटकले आणि भिंतीला धरून उठले.

"पुढच्या रविवारी मी इथे बसणार नाही. उकळी तुझी तू काढ."