कोकरू खड्ड्यात, गोष्ट अर्ध्यात

एक होती गोगलगाय. एवढीशी. राहायची छोट्या राहीच्या घरी, मोरीपाशी. चालायची कशी? सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

राहीचा दादा रोज ओट्यावर बसून गोष्ट वाचायचा. गोगलगाय शिंगं वर करून ऐकायची. एक दिवस काय झालं, गोष्टीतलं कोकरू खड्ड्यात पडलं. धप्प! तेवढ्यात गाडी आली. दादा गेला मामाच्या गावाला. पुस्तक मिटलं. कोकरू खड्ड्यातच राहिलं.

गोगलगायीला फार वाईट वाटलं. बिचारं कोकरू! आत अंधार असेल. त्याला भूक लागली असेल.

ती गेली राहीकडे. सुळुक सुळुक.

"राहीताई, राहीताई, गोष्ट वाच. कोकरू खड्ड्यातून निघेना."

राही म्हणाली, "मी नाही जा. ऐकायला कोण आहे? आई ऐकेल, तर वाचीन."

गोगलगाय गेली आईकडे. सुळुक सुळुक.

"आई, आई, गोष्ट ऐक. राही वाचेना, कोकरू खड्ड्यातून निघेना."

आई म्हणाली, "मला कुठली गं सवड? तान्हा निजेल, तर ऐकीन."

गोगलगाय गेली तान्ह्याकडे. सुळुक सुळुक.

"तान्हुल्या, तान्हुल्या, नीज बघू. आई ऐकेना, राही वाचेना, कोकरू खड्ड्यातून निघेना."

तान्हा म्हणाला, "ट्यँ ट्यँ. पाळणा हलेल, तर निजेन."

गोगलगाय गेली पाळण्याकडे. सुळुक सुळुक.

"पाळण्या, पाळण्या, हल ना रे. तान्हा निजेना, आई ऐकेना, राही वाचेना, कोकरू खड्ड्यातून निघेना."

पाळणा म्हणाला, "कर्र कर्र. आजोबा दोरी ओढतील, तर हलेन."

गोगलगाय गेली आजोबांकडे. सुळुक सुळुक.

"आजोबा, आजोबा, दोरी ओढा ना. पाळणा हलेना, तान्हा निजेना, आई ऐकेना, राही वाचेना, कोकरू खड्ड्यातून निघेना."

आजोबा म्हणाले, "नुसती दोरी ओढली, की मलाच डुलकी लागते. राही वाचेल, तर ओढीन."

घ्या. फिरून फिरून भोपळे चौकात.

गोगलगाय दमली हो. पण कोकरू खड्ड्यात, मग ही कशी थांबेल? निघाली परत राहीकडे. सुळुक... सुळुक...

"राहीताई, राहीताई, आजोबा ओढेनात, पाळणा हलेना, तान्हा निजेना, आई ऐकेना, राही वाचेना, कोकरू खड्ड्यातून निघेना. मग मीच ऐकू का?"

राही हळूच म्हणाली, "मला दादासारखं भरभर नाही येत गं. मी अडखळते."

"मला तरी कुठे भरभर येतं? तू हळू वाच. मी हळू ऐकते."

राहीने पुस्तक उघडलं. अक्षरावर बोट ठेवलं.

"को... क... रू. कोकरू. ओ... र... ड... लं. कोकरू ओरडलं. बें बें."

आजोबांची डुलकी पळाली. त्यांनी दोरी ओढली. पाळणा हलला. कर्र कर्र. तान्हा निजला. आई येऊन टेकली. आई ऐकू लागली, राही वाचू लागली, आणि कोकरू खड्ड्यातून निघालं. टुणकन!

"मग ते घरी गेलं का?" गोगलगायीने विचारलं.

राहीने पान उलटलं. पान कोरं.

"पुस्तक संपलं गं."

"पण ते तर अजून वाटेतच आहे."

राहीने पेन्सिल घेतली. जीभ बाहेर काढली. कोऱ्या पानावर मोठ्ठं, वाकडंतिकडं लिहिलं: कोकरू घरी आलं. आईला बिलगलं.

मग तिने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. एकदासुद्धा अडखळली नाही.

कोकरू पोचलं घरी, गोष्ट झाली पुरी.