कच्ची राहिलेली पाटी

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि आठवून काही उपयोगही नाही.

त्या राज्यातल्या एका गावात एक चांगली रीत होती. आपल्यामागे कुणाचं काय व्हावं हे ज्याला सांगून ठेवायचं असेल, त्याने कुंभाराकडे जायचं. कुंभार ओल्या मातीची वीतभर पाटी थापून द्यायचा. तिच्यावर काडीने मजकूर कोरायचा, खाली अंगठा उमटवायचा. मग कुंभार ती आव्यात, म्हणजे त्याच्या भट्टीत, भाजायचा आणि पाटी चावडीत जपून ठेवली जायची. माणूस गेला की तेराव्या दिवशी पाटील ती सगळ्यांसमोर वाचत. भाजलेल्या मातीवरचं अक्षर कुणाला पुसता येत नाही, त्यामुळे त्या गावात भांडणं कमी होती.

गावचा कुंभार मोठा कसबी. हात चालायचा तसं तोंडही चालायचं. पाटी करायला टाळाटाळ करणाऱ्याला तो भर रस्त्यात गाठायचा. "काय हो, अमरपट्टा घेऊन आलाय का? या, बसा इथे. घ्या काडी." लोक हसायचे, पण बसायचे. गावातल्या एकूण एक म्हाताऱ्याची पाटी त्याने भाजली होती. स्वतःची तेवढी भाजली नव्हती.

त्याला कारण होतं. त्याची बायको तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने आपली पाटी करून घेतली होती. बांगड्या थोरलीला, नथ धाकटीला, एवढाच मजकूर. कुंभाराने ती आपल्या हाताने भाजली, आणि तिसऱ्या दिवशी बायको गेली. ती तापाने गेली हे त्यालाही कळत होतं. पण मनात भीती बसली ती बसलीच. आपली पाटी आव्यात गेली की आपणही गेलो, असं त्याला वाटायचं. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा माणूस स्वतःच्या बाबतीत किती वेडा होतो पाहा.

मागे दोन मुली राहिल्या. थोरली आठ वर्षांची, धाकटी तीन वर्षांची. धाकटीला एक सवय होती. थोरलीच्या कानाची पाळी दोन बोटांत धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. थोरली बिचारी एका कुशीवर अवघडून पडायची, पण कान सोडवून घ्यायची नाही.

दोन घरं सोडून मुलींची मावशी राहायची. एकटी बाई, चार शेळ्या, आणि जीव सगळा या दोन पोरींत. एक दिवस ती कुंभाराला म्हणाली, "दाजी, साऱ्या गावाच्या पाट्या करता. उद्या तुम्हाला काही झालं, तर या पोरींना कुणी बघायचं?"

"तू बघायचं. दुसरं कोण आहे?" कुंभार म्हणाला. "दोघी तुझ्याकडे, आणि दोघी एकत्र. धाकटीला कान लागतो, ठाऊक आहे ना?"

"मला ठाऊक आहे. गावाला नाही. तेवढं कोरून ठेवा."

कुंभाराने त्याच दुपारी पाटी कोरली. अंगठाही उमटवला. पण आव्यात काही घातली नाही. ती घरातल्या फळीवर ठेवली, वर ओलं गोणपाट टाकलं आणि थोरलीला बजावलं, "यावर रोज पाणी शिंपडायचं. सुकू द्यायचं नाही हं."

"का, बाबा?"

"अगं, माती ओली असली म्हणजे बदलता येते."

बदलायचं काहीच नव्हतं. पाटी सुकली की भाजायला लागेल, एवढीच त्याची धास्ती. मावशी आठवण करायची आणि तो कारणं सांगायचा. हा आवा लग्नाच्या मडक्यांचा आहे. हा दिवाळीच्या पणत्यांचा आहे, मध्ये पाटी कुठे ठेवू? पुढच्या आव्यात नक्की. त्या वर्षभरात त्याने आठ आवे लावले. वीतभर पाटीला एकाही आव्यात जागा झाली नाही.

मग एका सकाळी तो ओढ्याकाठी माती आणायला गेला. वर्षानुवर्षं खणून तिथली दरड आतून पोखरली होती. ती त्याच्या अंगावर ढासळली. लोकांनी धावत जाऊन त्याला बाहेर काढलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

तेराव्याला लांबून मामा आला, आत्या आली. दोघंही भली माणसं, हे मी मुद्दाम सांगतो. मामाला मुलगी नव्हती, आत्याला मूलच नव्हतं. दोघंही म्हणाले, पोरी आम्ही नेतो.

मावशी पुढे झाली. "दाजींनी मला सांगितलं होतं. दोघी माझ्याकडे, आणि एकत्र."

आत्या म्हणाली, "माझा भाऊ मला सांगितल्याशिवाय राहिला असता होय?"

मामा म्हणाला, "तोंडी काय, मीही म्हणेन मला सांगितलं होतं."

पाटलांनी चावडीतल्या पाट्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. कुंभाराची पाटी नव्हती. "कोरली तर होती," मावशी म्हणाली.

तेवढ्यात थोरली पुढे आली. "बाबांची पाटी घरी आहे," ती म्हणाली. "अजून भाजली नाही. पण मी सांभाळलीय."

पाटील सज्जन होते. म्हणाले, "कच्ची असली तरी चालेल. वाचता आली म्हणजे झालं. आण बाळ."

थोरलीने फळी तशीच उचलून आणली. तिचा चेहरा उजळला होता. "बाबा गेल्यापासून मी जास्तच पाणी घातलं," ती म्हणाली. "रोज दोन-दोन तांबे. जरासुद्धा सुकू दिलं नाही."

पाटलांनी गोणपाट उचललं. खाली चिखलाचा गोळा होता. एक अक्षर शिल्लक नव्हतं. बापाचा अंगठा उमटला होता तिथे नुसता खळगा राहिला होता, आणि त्यात पाणी साचलं होतं.

थोरली एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. आपलं काय चुकलं, ते तिला कळेना.

मग पंचांनी निवाडा केला. मावशी एकटी, गरीब. तिच्याजवळ पुरावा नाही. थोरली आत्याला, धाकटी मामाला. दोन मुली, दोन घरं, कुणाचीच तक्रार उरायला नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामाची गाडी आधी सुटली. धाकटी त्याच्या खांद्यावरून थोरलीच्या कानाकडे हात पसरून रडत होती. गाडी वळणाआड गेल्यावरही ते रडणं ऐकू येत होतं.

पुढे दुष्काळ पडला आणि मामा बिऱ्हाड घेऊन दूर मुलखात निघून गेला. त्याचा ठावठिकाणा कुणाला लागला नाही.

थोरलीला आत्याकडे काही कमी पडलं नाही. तिथेही चाक होतं, ती कुंभारकाम शिकली. पण मनात एकच घोकत राहिली, मी पाणी जास्त घातलं. मोठी होऊन ती आपल्या गावी परतली, बापाच्या चाकावर बसली. मावशी तोवर राहिली नव्हती. पहिला आवा लावला त्या दिवशी थोरलीला कळलं, की वीतभर पाटीला कुठल्याही आव्यात जागा होते; चूक पाण्याची नव्हती, न भाजण्याची होती. त्या दिवशी ती खूप रडली, आणि बापावर पहिल्यांदाच रागावली.

बरीच वर्षं गेली. एकदा वाटेवरची एक बैलगाडी तिच्या दारी थांबली. एक बाई कडेवर मूल घेऊन उतरली, मडकं पाहू लागली. मूल पेंगत होतं. त्याने आईच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि झोपी गेलं.

थोरलीच्या हातातलं मडकं तसंच राहिलं. "ही सवय कुणाची?"

"माझीच म्हणे," बाई हसली. "लहानपणी मी दिसेल त्याचा कान धरायला जायची. कुठून लागली, देव जाणे."

"तुला बहीण होती?"

"होती म्हणतात, मामाने मला नेलं तेव्हा आत्याकडे राहिली. मला तिचा चेहरा आठवत नाही."

"मीच ती," थोरली म्हणाली.

बाईने तिच्याकडे निरखून पाहत आठवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "माफ करा हो ताई. मला खरंच तुम्ही आठवत नाही." मग तिने वाकून नमस्कार केला, परक्या घरच्या वडीलधाऱ्या बाईला करतात तसा. गाडीवान खोळंबला होता. ती मडकं घेऊन निघून गेली.

त्यानंतर थोरलीच्या फळीवर कुणाचीच पाटी सुकल्यावर एक रात्रही कच्ची राहिली नाही. कुणी म्हणालं, पुढच्या आव्यात भाजू, तर ती उठून एकाच पाटीसाठी आवा पेटवायची.

आपल्यामागे लेकरांना कुणी सांभाळायचं हे मनात ठरवून भागत नाही, ते हयातीतच पक्कं करून ठेवावं लागतं.