जाडीबाईचं लग्न

एक होता राजा. त्याचा सगळा जीव भातात. पांढराशुभ्र, घमघमणारा भात, अन त्याचं नाव काय ठेवलं होतं? मोतीराव! राजेच ते, कुणालाही राव करतील.

मोतीरावाची रोपं सांभाळायची आवडी. नदीकाठच्या गावातली चुणचुणीत पोर. पण नदी मोठी खट्याळ, बरं का. रोपं लावली की आलाच पूर. मोतीराव बुडाला की घाबरायचा, पाण्याबाहेर डोकं काढायला भराभर उंच व्हायचा, अन दमून मरायचा. एकदा झालं, दोनदा झालं. मग राजा चिडला. "आवडी, आता आणखी एकदाच लावू, तू म्हणशील तेव्हा. तेही गेलं तर गाव उठवीन. जा सगळे डोंगरावर."

आवडीचं घर, अंगण, नदी, सगळंच जाणार होतं.

मग ती चिखलात उतरली. बघते तर काय, बांधाच्या कडेला जाडीबाई उभी. म्हणजे लाल, भरड साळ, कोंबड्यांपुढे टाकायची. पुरातून हीच तेवढी वाचलेली. आवडीनं विचारलं, "तू कशी गं वाचलीस?"

आणि साळ बोलली की हो. "मी धडपडतच नाही, बाय. पाणी आलं की निजते, बळ राखते. पाणी गेलं की उठते."

आवडीला असा आनंद झाला म्हणता! तिनं दोघांचं लग्नच ठरवलं. सकाळी भाताची फुलं उमलली तशी अंगणात राखलेल्या मोतीरावाच्या फुलातली पिवळी धूळ तिनं जाडीबाईच्या फुलांवर हळूच झटकली. झालं लग्न. अक्षतासुद्धा घरच्याच.

मग लेकी झाल्या. आवडीनं त्यांना हौदात बुडवून पाहिलं. निजल्या, उठल्याही, पण रूप आईचं, जाडंभरडं. मग त्यांना पुन्हा मोतीरावाच्या घरी दिलं. नातींमधल्या निजणाऱ्या तेवढ्या निवडल्या. दाणा पांढरा झाला होता, पण वास नाही. पुन्हा लग्न. तिसऱ्या खेपेला पांढरा दाणा, घमघमाट, अन हौदात गाढ झोप.

मग ती रोपं शेतात लावली, अन आला पूर. बारा दिवस शेत दिसलं नाही. पाणी ओसरलं तर रोपं चिखलात आडवी, तपकिरी. राजा हत्तीवरून आला. म्हणाला, "मेलं सगळं. नांगर घाला."

आवडी बैलांपुढे चिखलातच बसली. "महाराज, निजलीत ती. आठ दिवस द्या."

"आणि नाही उठली तर?"

"तर मीच पहिली डोंगर चढेन."

राजाला राग आला, हसूही आलं. पण नांगर थांबला.

एक दिवस गेला, काही नाही. चार दिवस गेले, काही नाही. लोक बोचकी बांधायला लागले. आठव्या दिवशी सकाळी आवडी ओणवी झाली, तर चिखलात सुईएवढं हिरवं टोक. त्याच्याशेजारी दुसरं. मग तर रांगच्या रांग. राजा हत्तीवरून उतरला, थेट चिखलात, जोड्यांसकट. हसावं की रडावं, त्याला कळेना.

गावानं बोचकी सोडली. नव्या भाताचा पहिला घास राजानं आवडीला भरवला. गाव तिथंच राहिलं, नदीकाठी, पोटभर जेवून, सुखात. चला, पाय आत घ्या, डोळे मिटा. आवडीसुद्धा त्या दिवशी जेवल्याबरोबर झोपली होती, बरं का.